घराला आणि गाळ्याला कॅमेरा घेताना
(मंडळाच्या मासिक सभेत वाचून दाखविलेले भाषण)



मागल्या सभेत पापडांचा हिशेब संपल्यावर चोऱ्यांचा विषय निघाला. कोणाची विहिरीवरची मोटर गेली होती, कोणाच्या दोन शेळ्या गेल्या होत्या. सगळ्यांचे म्हणणे एकच, आता कॅमेरा बसवावयास हवा. पण कोणता, आणि किती पैशांत, हे काही कोणाला सांगता येईना. तेव्हा चिटणीसबाईंनी माझ्याकडे बोट दाखविले, कारण आमच्याकडे कॅमेरे दोनदा बसले आहेत. एकदा चुकून आणि एकदा विचारून.

मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही, म्हणून कागदावर लिहून आणले आहे तेच वाचते. यंत्राच्या पोटात काय असते ते मला विचारू नका. आमचे पैसे कोठे वाया गेले आणि कोठे कामी आले, तेवढे मात्र मी नक्की सांगू शकेन.

आमच्या ह्यांचा रस्त्यावर ग्रिल-वेल्डिंगचा गाळा आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. घरापासून पाच मिनिटांवर, पण रात्री तेथे कोणी नसते. २०२२ साली आमच्या थोरल्याने मोबाईलवरून दोन कॅमेरे मागविले. वायफायवर चालणारे, आत बोटाच्या नखाएवढे मेमरी कार्ड. एकेकाची किंमत अठराशे रुपये. एक घराच्या ओट्यावर लावला, एक गाळ्यात. घरी बसून मोबाईलवर आपलाच ओटा दिसू लागला तेव्हा आम्हाला फार कौतुक वाटले. शेजारच्या बायका पाहावयास आल्या. सासूबाईंनी तर दुसरा स्वयंपाकघरात लावा म्हणून सुचविले. का सुचविले ते येथे बसलेल्या सुनांना सांगावयास नको!

घरचा कॅमेरा बरा चालला. गाळ्यातल्याची गोष्ट वेगळी होती. तेथे इंटरनेट नाही. थोरल्याने आपल्या मोबाईलचे इंटरनेट देऊन तो एकदा सुरू करून दिला आणि आम्ही निश्चिंत झालो. पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. वीज गेली की कॅमेरा बंद, आली की पुन्हा सुरू, आणि इंटरनेट नसल्यामुळे प्रत्येक वेळी त्याचे घड्याळ मागे जाई. एकदा मी पाहिले तर चित्रावर १ जानेवारी १९७० अशी तारीख होती. मी म्हटले, हे काय, तेव्हा तर माझा जन्मही झाला नव्हता. घरात सगळे हसले. हसण्यावारी नेले, तेथेच चुकले.

२०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला होते. गाळा आदल्या दिवशी बंद केला तो गौरीविसर्जन आटोपून, पाहुणे मार्गी लावून, नवव्या दिवशी उघडला. पाहतात तर दोन ग्राइंडर आणि वेल्डिंगची लांब तांब्याची केबल जागेवर नाही. कुलूप शाबूत. म्हणजे किल्ली ज्याच्या हाती जाते त्याच्यावर संशय. आमच्याकडे पाड्यावरचा एक मुलगा तीन वर्षे कामाला होता. एकोणीस वर्षांचा, हाताला चांगला, कधी पाच रुपयांचा खिळा इकडचा तिकडे केला नाही. पण त्या दिवशी गाळ्यावर जमलेल्या चार माणसांनी चार गोष्टी सांगितल्या, आणि ह्यांचेही मन फिरले.

तो मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “काकी, कॅमेऱ्यात बघा ना. मी आलोच नाही. कॅमेऱ्यात दिसेल ना तुम्हाला.”

आम्ही कार्ड काढून पाहिले. त्यात शेवटचे साडेतीन दिवस होते. कार्ड बत्तीस जीबीचे. ते भरले की जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते. ज्या दिवसांत वस्तू गेल्या ते दिवस पुसले गेले होते. ज्याच्या भरवशावर तो मुलगा बोलत होता ते आमच्याजवळ नव्हतेच. दुसऱ्या दिवशी त्याची आई आमच्या ओट्याखाली येऊन उभी राहिली. भांडली नाही, काही नाही. नुसती उभी राहिली आणि गेली. मुलगा कामावर आला नाही. यावे असे आम्ही म्हटलेही नाही.

दसरा झाल्यावर माझे धाकटे दीर दोन्ही ग्राइंडर आणि केबल गाडीवर घालून घेऊन आले. त्यांच्या मित्राला मंडपाच्या कमानीसाठी हवी होती म्हणून गाळा बंद करण्याच्या संध्याकाळी त्यांनीच काढून दिली होती. “वहिनी, सांगावयाचे राहिले हो,” असे म्हणाले. त्या मुलाकडे हे स्वतः गेले, मीही गेले. तो काही वाईट बोलला नाही. पण तोवर त्याने शिरसाड फाट्याकडे दुसरे काम धरले होते. आजही तो तिकडेच आहे.

एवढी घरची हकीकत सांगितली, कारण दुसऱ्या वेळी दुकानात गेलो तेव्हा माझा पहिला प्रश्न त्यातून निघाला. सगळे लोक विचारतात, चित्र किती स्पष्ट, कॅमेरे किती. मी विचारले, किती दिवसांचे राहील? दुकानदाराने जरा थांबून पाहिले. मग त्याने हिशेब करून दाखविला. तो मी येथे देते, कारण तो आपल्या साखरेच्या डब्यासारखा आहे, कोणालाही कळेल. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा, नव्या पद्धतीने चित्र आवळून ठेवणारा, दिवसरात्र चालला तर रोज सुमारे वीस-बावीस जीबी जागा खातो. तीन कॅमेरे म्हणजे पासष्ट. एक टीबीची हार्ड डिस्क म्हणजे वापरावयास मिळतात साधारण सव्वानऊशे जीबी. म्हणजे चौदा दिवस. दोन टीबी घेतली तर अठ्ठावीस. जुन्या पद्धतीचा रेकॉर्डर असेल तर याच्या निम्मे दिवस धरावेत. म्हणून रेकॉर्डर एच २६५ पद्धतीचा आहे का, हे विचारून घ्यावे.

आम्हाला पहिला अंदाज दिला तो चार कॅमेरे आणि एक टीबीचा, सतरा हजार पन्नास रुपयांचा. मी म्हटले, चौथा कॅमेरा कोठे लावणार? मागल्या भिंतीला. तेथे दार नाही, खिडकी नाही. मग तो काढून टाकला आणि त्या पैशांत डिस्क मोठी घेतली. ह्यांना पटत नव्हते. चार तोंडांच्या रेकॉर्डरला चार कॅमेरे हवेत असे त्यांचे मत. पण पैसे माझ्या भिशीचे होते! शेवटचे बिल असे झाले: कॅमेरे तीन, चार हजार पन्नास, रेकॉर्डर तीन हजार दोनशे, डिस्क पाच हजार दोनशे, वीज देणारा डबा सहाशे, वायरचे भेंडोळे पंधराशे, जोडण्या व खोकी साडेचारशे, बसविण्याची मजुरी पंधराशे. एकूण साडेसोळा हजार. हे भाव २०२३ च्या दिवाळीचे आहेत, आज थोडे इकडे तिकडे होतील. डिस्क मात्र कॅमेऱ्यांसाठी केलेली असते तीच घ्यावी. ती दिवसरात्र लिहिण्यासाठी बनविलेली असते. संगणकातली जुनी डिस्क घालून हजार-बाराशे वाचवून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना नमस्कार करावा.

घरासाठी आम्ही असा खर्च केला नाही. घरी कोणी ना कोणी असतेच. तेथे तोच जुना वायफायचा कॅमेरा ठेवला आणि फक्त कार्ड मोठे घातले. एकशे अठ्ठावीस जीबीचे. आता दोन आठवडे राहतात. म्हणजे घराला जे पुरते ते गाळ्याला पुरत नाही, आणि गाळ्याला लागते ते घराला कशाला? आणखी एक गैरसमज पुष्कळांचा आहे, माझाही होता. रेकॉर्डरला इंटरनेट लागत नाही. चित्र डिस्कवर उतरत राहते आणि घड्याळही आतल्या लहान सेलवर चालते. इंटरनेट लागते ते लांबून मोबाईलवर पाहण्यासाठी. ज्यांना ते नकोच आहे त्यांनी दरमहा रिचार्ज भरू नये. सिमकार्डवर चालणारे कॅमेरेही मिळतात. शेतावर, वाडीत वायर नेता येत नाही तेथे ते ठीक. पण रिचार्ज संपला की लांबून काही दिसत नाही, हे लक्षात ठेवावे.

विजेचे मी आधीच बोलले. तीन कॅमेरे आणि रेकॉर्डर मिळून तीस वॉटच्या आसपास वीज घेतात, महिन्याला एकवीस-बावीस युनिट. आम्ही घरचा जुना इन्व्हर्टर गाळ्यात नेला, त्याला बॅटरी नवी घातली. रात्रभर वीज नसली तरी आता चालते. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी कॅमेऱ्याचा विचार करताना हा खर्च त्यातच धरावा. वीज तोडून चोरी करणे काही अवघड नसते.

रेकॉर्डर कोठे ठेवावा? काउंटरवर ठेवला तर चोर तोच उचलून नेईल. ह्यांनी पत्र्याची पेटी बनवून माळ्यावर, सामानाच्या मागे, कुलूप लावून ठेवली. पहिली पेटी इतकी छान बंद केली की आत यंत्र तव्यासारखे तापले. मग तिला भोके पाडावी लागली. स्वतःच्या धंद्यातलेसुद्धा माणूस असे विसरते.

आता रात्रीचे. कॅमेरा अंधारात आपल्याला न दिसणाऱ्या प्रकाशाने पाहतो आणि काळेपांढरे चित्र देतो. समोर जवळच पांढरी भिंत किंवा ताडपत्री असली तर तो प्रकाश तिच्यावर आपटून परत येतो आणि सगळे चित्र पांढरे फटफटीत होते. पावसाळ्यात आपण सगळ्याजणी पडवीला प्लॅस्टिक बांधतो, तेव्हा कॅमेरा त्याच्या बाहेर आला पाहिजे. कोळ्याला त्या दिव्याजवळची जागा फार आवडते, कारण किडे तेथे येतात. जाळे भिंगापुढे आले की रात्रभर पांढरी दोरी हालताना दिसते आणि मोबाईल ओरडत राहतो, कोणी आले, कोणी आले. एका रात्रीत मला दोनशेच्या वर निरोप आले होते. म्हणून दर शनिवारी काठीला केरसुणी बांधून जाळी काढते. याला पैसे पडत नाहीत, पण हे कोणी सांगतही नाही.

तुंगारेश्वरचे रान जवळ असल्यामुळे रात्री चमकणारे डोळे दिसले की छातीत धस्स होते. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये वसईच्या किल्ल्यात बिबट्या आला होता, तेव्हा वनखात्याने कॅमेरे लावून त्याचा माग ठेवला आणि मग त्याला पिंजऱ्यात धरले. ते कॅमेरे निराळे, बॅटरीवर चालणारे, अंगाची ऊब हालली की जागे होणारे. आमच्या ओट्यावरचे डोळे आतापर्यंत कुत्र्याचे आणि मांजराचेच निघाले आहेत.

उंचीही पाहावी. फार उंच लावला की टोप्या आणि टक्कलच दिसते. आठ-नऊ फूट पुरे. रुंद पाहणारा, म्हणजे २.८ मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा सगळे अंगण दाखवितो, पण पंधरा फुटांपलीकडचा चेहरा ओळखू येण्याची खात्री नाही. म्हणून एक कॅमेरा तरी दाराशी, माणूस ज्या जागेतून गेल्यावाचून राहणार नाही तेथे असावा. बाहेरच्याला पाण्यापासून रक्षणाची खूण हवी, खोक्यावर आय. पी. ६६ किंवा ६७ असे छापलेले असते. आपल्याकडचा पाऊस आडवा येतो.

आता भगिनींनो, जे मला मुख्यत्वे बायकांच्या सभेत सांगावयाचे आहे ते सांगते. ओट्यावरचा आमचा कॅमेरा पहिल्यांदा लावला तेव्हा त्यात जाऊबाईंच्या न्हाणीचे दार दिसत असे. आमच्या लक्षात आले नाही. त्यांनीही चार दिवस काही म्हटले नाही, फक्त न्हाणीला पडदा आला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तोंड वळविले, आणि जो कोपरा तरी दिसत होता तो कॅमेऱ्यातच काळ्या पट्टीने झाकला. तशी सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, बसविणाऱ्याकडून करून घ्यावी. दुसऱ्याच्या दाराकडे, न्हाणीकडे, कपडे वाळत घालण्याच्या जागेकडे आपला कॅमेरा पाहत असेल तर तो चोरापेक्षा वाईट. बाईला नकळत तिच्या खाजगी वेळी पाहणे किंवा तिचे चित्र घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे कैद होऊ शकते.

आणि आपण चांगल्या मनाने लावला तरी दुसऱ्याच्या मनाचे काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूति-रुग्णालयातील तपासणीच्या खोलीचे चित्रण चोरून विकले जात असल्याचे उघडकीस आले. बायकांच्या तपासणीचे! पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून येतो तसाच, ‘अॅडमिन’ आणि पुढे एक-दोन-तीन, असा ठेवलेला होता असे नंतर छापून आले. कुलूप घेतले आणि किल्ली त्यातच ठेवली असे झाले. तेव्हा बसविणारा माणूस घरातून जाण्याआधी पासवर्ड आपल्या हाताने बदलावा. आपले नाव, मुलाचे नाव, मोबाईलचा आकडा ठेवू नये. मी वहीत लिहून ठेवला आहे आणि वही कोठे आहे ते सांगणार नाही! झोपण्याच्या खोलीत, कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा असूच नये. स्वयंपाकघराचे मी सासूबाईंना सांगितले, तेथे चोरण्यासारखे फक्त गूळ-शेंगदाणे आहेत.

सरकारनेही या बाबतीत नियम केला आहे. ९ एप्रिल २०२४ ला सूचना निघाली आणि ९ एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. कॅमेऱ्यात बाहेरच्याला शिरता येऊ नये यासाठी ठरविलेल्या चाचण्या झाल्यावाचून त्याची नोंदणी होत नाही. आम्ही घेतले तेव्हा हे नव्हते. तुम्ही आता घ्याल तेव्हा खोक्यावर बी. आय. एस. ची खूण आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणीचा आकडा पाहून घ्या, आणि बिल पक्के घ्या. जुना माल स्वस्तात काढून टाकणारे असतात.

चित्रण कोर्टात चालते का, असे मागल्या सभेत एका बाईंनी विचारले होते. चालते, पण नुसते मोबाईलवर पाठवून भागत नाही. यावर मोठा निकाल आपल्या जालन्याच्याच खटल्यात झाला. २०१४ च्या विधानसभेच्या निवडणुकीत एका उमेदवाराचा अर्ज दुपारी तीनच्या नंतर घेतला गेला, असे विरुद्ध बाजूचे म्हणणे होते, आणि निवडणूक-अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण पुरावा म्हणून आले. सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला सांगितले की असे उतरवून दिलेले चित्रण मानावयाचे तर त्यासोबत कायद्याने ठरविलेला दाखला हवा. आता १ जुलै २०२४ पासून तो नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे द्यावयाचा असतो. म्हणून काही घडले तर मूळ रेकॉर्डरला हात लावू नये, पुसू नये, पोलिसांना तो जसाच्या तसा दाखवावा. आणि घड्याळ बरोबर असावे. सगळा वाद तीन वाजण्याचा होता, आणि आमच्या कॅमेऱ्यात तर १९७० साल चालले होते!

बदलापूरच्या शाळेतील ऑगस्ट २०२४ चे प्रकरण कोणी विसरले नसेल. तेथे कॅमेरे होते. पंधरा दिवसांचे चित्रण मात्र सापडत नाही, असे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. त्यानंतर २१ ऑगस्टला सरकारने शाळांना महिन्याभरात कॅमेरे बसविण्याचा आणि आठवड्यातून निदान तीन वेळा चित्रण तपासण्याचा आदेश काढला. ते वाचले तेव्हा मला माझ्या ओट्याखाली उभी राहिलेली ती बाई आठवली. तेव्हापासून मी दर शनिवारी, जाळी काढल्यावर, गाळ्यात जाऊन सर्वांत जुना दिवस कोणता शिल्लक आहे तो पाहते आणि कॅलेंडरवर लिहिते. दोन मिनिटांचे काम आहे. एकदा त्यातच कळले की तिसरा कॅमेरा पाच दिवस बंद होता. उंदराने वायर कुरतडली होती. त्यानंतर वायर नळीतून नेली. ते पहिल्यांदाच करावयास हवे होते.

ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी येत्या शनिवारी चारनंतर गाळ्यावर यावे. बिलाचा कागद मी आणून ठेवीन, ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा. कोणी आपल्या घरचा मेमरी कार्डाचा कॅमेरा आणला तर त्यात किती दिवस राहतात तेही थोरला पाहून देईल. चहा माझ्याकडे. केरसुणी मात्र एकच आहे.